मातृभोजन

बिशान, सिंगापूर
११ मार्च २००७

ती. मामा,

नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार, तिचा हिस्सा तुम्ही ठेवून घेऊ नका.

दर रविवारी फोन करणारी भाची एकदम पत्र लिहायला लागली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुमच्यासारख्या मुरलेल्या वकिलाला सांगायला नको. घरच्या फोनच्या बिलात परदेशच्या प्रत्येक कॉलची नोंद येते आणि धैर्यशील ती पेन घेऊन वाचतो. ईमेलही वाचतो. म्हणून हे पत्र. उत्तर इथं पाठवू नका, सेम्बावांगला सुरेखाच्या पत्त्यावर पाठवा, तो पाकिटाच्या मागे लिहिला आहे. सुरेखा माझी इथली मैत्रीण, तिचा नवरा शिपयार्डमध्ये आहे. तिच्या पोटात गोष्ट राहते.

धैर्यशीलला घटस्फोट हवा आहे. पुण्याच्या कुठल्याशा वकिलाकडून त्यानं परस्परसंमतीचा कागद करून आणला आहे आणि रोज जेवताना विचारतो, सही झाली का. घटस्फोट नको असं खोटं लिहीत नाही. या घरात दोघांनी मिळून राहण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण त्या कागदात लिहिलंय की अनीश पुण्याला माझ्या सासू-सासऱ्यांकडे राहील, तिथंच शिकेल आणि मी त्याला सोयीनुसार भेटेन. कुणाच्या सोयीनुसार ते लिहिलेलं नाही. माझं काय व्हायचं ते होवो, मामा. आठ वर्षांचं पोर माझ्यापासून तुटता कामा नये. मला दुसरं काही नको.

कायदा माझ्या बाजूनं काही बोलतो का, ते लिहा. आणि एक विनंती. लग्न तुम्ही जमवलंत, दिलीपराव माझे सासरे व्हायच्या आधीपासून तुमचे शाळासोबती आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी त्यांना यातलं अक्षरही कळू देऊ नका.

तुम्ही मागितलेला फोटो पुढच्या वेळी पाठवते. कपाळाला टाके पडलेत, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं.

तुमची,
साधना


पुणे
२२ मार्च २००७

चि. साधना,

आशीर्वाद. मामीनं तिचा नमस्कार मोजून घेतला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चाळीस वर्षं रोज चढलो, तेव्हा माझ्या शहाणपणाचा हिशेब तूच कर. पण एवढं ऐक: त्या कागदावर सही करायची नाही. परस्परसंमती दोघांची असते. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं सही ठोकायची, याला आमच्या बोलीत हुकूम म्हणतात. तुझं लग्न पुण्यात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं. संमतीनं मोडायचं तर दोघांना न्यायाधीशासमोर उभं राहून, कुणाची जबरदस्ती नाही असं तोंडानं सांगावं लागतं. तू सही केली नाहीस तर त्या कागदाची किंमत भेळेच्या पुडीएवढी.

तिथल्या कोर्टाच्या नादी मात्र लागू नकोस. सप्तपदी कशाशी खातात हे ज्यांना माहीत नाही, ते तुझा काय न्याय करणार? आणि खरं सांगू का, निम्मी प्रकरणं मी चहाच्या कपावर मिटवलेली आहेत. धैर्यशील तापट आहे, पण चांगल्या घरचा आहे. कुणीतरी वडीलधाऱ्यानं दोन शब्द सुनावायला हवेत. लग्न जमवणाऱ्यानं ते मोडताना हात खिशात घालून उभं राहायचं नसतं. तू निर्धास्त राहा.

कपाटाची दारं लावत जा. तू लहानपणापासून धांदरटच.

तुझा,
मनोहरमामा


बिशान
५ एप्रिल २००७

ती. मामा,

निर्धास्त राहा, या दोन शब्दांनीच मला धास्ती वाटायला लागली आहे. पुन्हा लिहिते, सासऱ्यांशी बोलू नका.

तुम्ही नको म्हणालात तेच मी केलं. इथं कम्युनिटी क्लबात आठवड्यातून एका संध्याकाळी वकील फुकट सल्ला देतात. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रांगेत बसायचं. माझ्या पुढे एक चिनी काका होते, क्रेडिट कार्डांपायी दिवाळखोरीची नोटीस आलेले. मागे एक मलय बाई, तिचा नवरा पोटगी देत नव्हता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्यातसुद्धा लोक इतके गप्प नसतात.

मला मिस ओंग नावाची वकील मिळाली. माझ्याहून लहान असेल. तिचं म्हणणं असं की लग्न कुठंही आणि कुठल्याही पद्धतीनं झालेलं असो, आम्ही तीन वर्षांहून जास्त इथं राहतोय, म्हणून इथलं कोर्ट आमचा खटला ऐकू शकतं. नवऱ्याचं वागणं असह्य आहे हे दाखवता आलं की तेवढं कारण पुरतं. मुलाचा ताबाही तेच कोर्ट ठरवतं.

पण अडचण माझ्या पासची आहे. मी इथं राहते ती धैर्यशीलच्या नोकरीच्या आधारावर, डिपेंडंट पासवर. अनीशचंही तेच. त्यानं ऑफिसला सांगितलं की माझा पास रद्द. मी इथं असताना तसं झालं तर निदान कोर्टात उभी राहून मुदत मागता येईल. देशाबाहेर असताना झालं तर परत आत येणार कशी? मिस ओंग म्हणाली, "यू गो, दे कॅन्सल, यू कॅनॉट कम बॅक." म्हणून अर्ज दाखल होईपर्यंत अनीशला घेऊन कुठंही जायचं नाही, आणि तोवर स्वतःची नोकरी मिळवून स्वतःचा पास करून घ्यायचा. सुरेखानं जुरोंग ईस्टला एका मालवाहतुकीच्या कंपनीत शब्द टाकला आहे, हिशेबाच्या कामासाठी. लग्नाआधीचं एम.कॉम. ट्रंकेतून बाहेर काढलं आहे.

तशी मी जाणार तरी कुठं? आमचे पासपोर्ट धैर्यशीलनं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद ठेवले आहेत.

तिनं कपाळाकडे बघून विचारलं. मी कपाट म्हटलं. तिनं पान उलटलं.

साधना


पुणे
१६ एप्रिल २००७

चि. साधना,

आशीर्वाद. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

मी दिलीपकडे जाऊन आलो. तुझं दुसरं पत्र यायच्या आधीच गेलो होतो, त्यामुळे तुझी आज्ञा मी एकदाच मोडली, दोनदा नाही. त्याच्या व्हरांड्यात बसून पोहे खाल्ले आणि सरळ विचारलं, तुझा मुलगा काय चाळे करतोय? त्याला काही माहीतच नव्हतं. निदान चेहरा तरी तसा होता. मी म्हटलं, पोरगी घाबरली आहे, तिनं उद्या तिथं वकील गाठला तर तुमचीच शोभा होईल. तो म्हणाला, मनोहर, माझ्यावर सोड.

आणि सोडलं त्याचं चीज झालं. काल तो आपण होऊन घरी आला. मुलाशी फोनवर तासभर बोलला म्हणे. धैर्यशीलची चूक त्याला पटली. आता सुट्टीत तुम्ही सगळ्यांनी पुण्याला यायचं, अनीशची मुंज करायची, चार माणसांत दोघांनी एका पाटावर बसायचं की मनं आपोआप जुळतात, असं तो म्हणाला. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं, चष्मा धुवावा लागला.

वकीलबाईला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचं अशील फुटलं.

तुझा,
मनोहरमामा


सेम्बावांग, सुरेखाच्या घरून
२७ एप्रिल २००७

मामा,

तुम्ही सांगितलंत. विनवलं होतं तरी सांगितलंत. मी वकिलाकडे जाईन हेही त्यांना तुमच्याच तोंडून कळलं. तुम्ही पोहे खात होतात आणि इथं त्याच रात्री धैर्यशीलनं माझी पर्स टेबलावर उलटी करून मिस ओंगचं कार्ड शोधलं. ते चपलेत होतं, म्हणून वाचलं.

आणि ते कपाट नव्हतं, मामा. त्यानं कुकरचं झाकण फेकलं होतं. अनीश समोर बसून वरण-भात खात होता. दवाखान्यात मी कपाट सांगितलं, तुम्हालाही तेच लिहिलं, कारण एकदा खोटं सांगितलं की सगळीकडे तेच सांगत सुटावं लागतं. मिस ओंगला आता खरं सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्याच्या कागदावर कपाटच राहणार. पण मुलानं पाहिलंय आणि सुरेखानं ताजी जखम पाहिली आहे, तेवढं लिहून ठेवू.

आता ऐका. त्यानंतरच्या आठवड्यात हा माणूस एकदम साखरेचा झाला. ३ जून, रविवार, पुण्यात मुंज. कार्यालय ठरलंय. ३१ मेची तिकिटं काढली. आणि काल त्यानं तिघांचे पासपोर्ट आणून जेवणाच्या टेबलावर ठेवले. म्हणाला, "घे, तुझ्याकडेच ठेव. आता तरी विश्वास बसला का?"

मिस ओंगचं उत्तर ठाम आहे, जाऊ नको. विश्वास पानिपतात गेला हे तिला ठाऊक नाही, पण अर्थ तोच. आणि मला काय वाटतं ते सांगू? मला जावंसं वाटतंय. अनीश दिवसभर आरशासमोर उभा राहून केसांवरून हात फिरवतो, टक्कल केल्यावर कसा दिसेन म्हणून. त्याला मातृभोजन समजावून सांगितलं. म्हटलं, मुंजीच्या दिवशी मुलगा आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवतो, मग तो मोठा होतो. त्यानं विचारलं, "लास्ट टाइम? देन आफ्टर दॅट व्हाय कॅनॉट?"

खरंच मुंज असेल आणि मी गेले नाही, तर ते ताट माझ्याशिवाय वाढलं जाईल. तुम्ही त्या घराला ओळखता. शपथेवर सांगा, जाऊ का?

साधना


पुणे
८ मे २००७

चि. साधना,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवायला घेतलं आणि कुकरच्या ओळीपाशी थांबलो. बाकीचं तिनं माझ्या हातातून घेऊन वाचलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांच्या जखमांवर युक्तिवाद केले आणि आपल्या पोरीला धांदरट म्हणून मोकळा झालो.

तरीही विचारलंस म्हणून सांगतो, ये. एवढ्यासाठीच ये. तिथं तू चार भिंतींत एकटी आहेस. इथं तू माझ्या घरात उतरशील, अनीश माझ्याजवळ झोपेल, आणि त्या माणसाची हात उचलायची छाती होणार नाही. मुंज पार पडली की दिलीपला आणि त्याला समोर बसवतो आणि अनीश आईकडेच राहील असं लिहून घेतो. परत जायची तिकिटं मी स्वतः बघतो. तुझा मामा जामीन आहे असं समज.

मामीनं तर तयारी सुरू केली. आजोळचा आहेर म्हणून अनीशला चांदीची वाटी आणली. शिवाय सतरा तारखेपासून अधिक लागतोय, तेव्हा जावयाचं वाण आलंच. त्याच्या तोंडात अनारसे घालायचे की दुसरं काही, यावर आमचं अजून एकमत नाही, पण तांदूळ भिजत घातले आहेत. तीस-तीन अनारसे, ताम्हन, दिवा, सगळं रीतसर. मुंजही होईल आणि वाणही, एका खेपेत दोन्ही.

तुझा,
मनोहरमामा


सेम्बावांग
१६ मे २००७

मामा,

तुमचं पत्र सुरेखाच्या ओट्यापाशी उभी राहून वाचलं. अनारशांच्या ओळीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मग तिच्या भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर उलटून बघितलं.

१७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. मुंज ३ जूनला.

अधिक महिन्यात मुंजी लागत नाहीत. हे मला कळायला कॅलेंडर लागलं, पाच वर्षं मी शाळेच्या सुट्ट्या बघून जगते आहे. पण तुम्ही पुण्यात राहता. तुम्ही एकाच पत्रात, एकाच परिच्छेदात, दोन्ही लिहिलंत. तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं मानू?

काल धैर्यशीलला सहज विचारलं, गुरुजी कोण ठरवलेत? तो म्हणाला, "बाबांनी बघितलंय सगळं. तू फक्त ये." मीही हसून बरं म्हटलं. आता घरात आम्ही दोघंही हसतो.

मी येणार की नाही, इथं काय करणार, ते लिहीत नाही. तुम्हाला लिहिलेलं कुठल्या व्हरांड्यात वाचलं जातं, हे मला आता समजत नाही.

साधना


पुणे
१८ मे २००७, कुरिअरने

साधना,

येऊ नकोस. ये म्हणणारा मीच होतो, आता येऊ नकोस म्हणणाराही मीच आहे. अनीशला घेऊन विमानात पाय ठेवू नकोस.

सुरेखाच्या घरी सकाळपासून फोन करतोय, कुणी उचलत नाही. म्हणून हे कुरिअर.

आजोळची माणसं किती येतील ते सांगायला काल कार्यालयात गेलो. दिलीपनं नाव सांगितलं होतं तेच कार्यालय. मॅनेजर ओळखीचा निघाला, त्याची भाडेकरूची केस मी लढलो होतो. त्यानं वहीसुद्धा उघडली नाही. म्हणाला, "काका, तीन जूनला? अधिकात मुंज? त्या पंधरवड्यात आम्ही रंगाचं काम काढलंय." मी तिथल्या खुर्चीत बसलो. पाणी मागितलं.

घरात तांदूळ भिजत घालणारा मी, वाटी आणणारा मी, सतरा तारखेला अधिक लागतो असं तुला लिहिणाराही मीच. मुंजीची तारीख इंग्रजीत आली होती, अनारसे मराठीत होते. माझ्या डोक्यात दोन्ही कॅलेंडरं वेगवेगळ्या खिळ्यांवर टांगलेली आहेत हे मला काल कळलं. आनंदानं माणूस आंधळा होतो असं पक्षकारांना सांगत आलो, त्यात मी स्वतः येतो हे विसरलो. खरी मुंज करायची असती तर तुमची सुट्टी संपायच्या आत निज ज्येष्ठातले दिवस होतेच. त्यांनी मुहूर्त बघितलाच नाही, कारण मुंज करायचीच नव्हती.

तिथून तडक दिलीपकडे गेलो. पोहे नको म्हटलं. विचारलं, कसली मुंज? त्यानं पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाला, "अनीशचं नाव इथल्या शाळेत घातलंय. मुलगा इथं राहील. तिनं कुठं राहायचं ते तिनं ठरवावं." धैर्यशील चार दिवसांनी एकटाच परतणार होता. तुझ्या पासचं काय, असं विचारलं तर म्हणाला, ते ऑफिस बघेल.

आता वकील म्हणून सांगतो. मुलगा एकदा इथं त्यांच्या घरात आला की तिथल्या कोर्टाचा हुकूम इथं लगेच चालत नाही. तू इथल्या कोर्टात नव्यानं उभी राहशील आणि तारखा पडत राहतील. तेवढ्यात पोर आईचा चेहरा विसरून जाईल. तुझ्या मिस ओंगचं सगळं बरोबर होतं. दाखल कर. लगेच कर. मुलाला देशाबाहेर नेऊ नये असा मनाई हुकूम माग.

आणखी एक. धैर्यशील तिथं वकील देऊन लढला तर लढू दे, त्याला अडवू नकोस. एकतर्फी निकाल पुण्यात टिकणं कठीण. पण तो स्वतः हजर राहून लढला, तर तोच निकाल इथं मानला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सप्तपदीवरून मी जे अकलेचे तारे तोडले होते ते परत घेतो.

मनोहरमामा


पुणे
२५ मे २००७, कुरिअरने

चि. साधना,

रविवारी सुरेखा फोनवर भेटली. मी सगळं सांगितलं, ती फक्त "सांगते तिला" म्हणाली. आवाज थंड होता. काल तुझं सोळा तारखेचं पत्र आलं आणि त्या आवाजाचा अर्थ कळला.

तू शंका घेतलीस त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटायचा मला अधिकार नाही, तरी वाटलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. सफाई देत नाही. सोबत प्रतिज्ञापत्र पाठवतो आहे, नोटरी केलेलं. दिलीप त्या दिवशी जे बोलला ते शब्दाला शब्द त्यात आहे, कार्यालयाच्या मॅनेजरचं म्हणणंही आहे, आणि तुझा बेत त्यांच्या कानावर मीच घातला हेही आहे. मिस ओंगला हवं तसं वापरू दे. उलटतपासणीला यावं लागलं तर येईन, आजवर विमानात बसलेलो नाही, तेही होईल.

याची एक प्रत दिलीपच्या हातात दिली. पाठीमागून काही करायचं नव्हतं. पाचवीपासूनची ओळख आहे. त्यानं वाचलं, घडी घातली आणि आत गेला. आम्ही रोज सकाळी पर्वतीला बरोबर जायचो, आता तो वेगळ्या वेळी जातो.

तू आता नेमकं काय करते आहेस ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. फक्त ३१ तारीख उलटली की पोर कुठं आहे ते कळव. मामी देवापाशी बसून आहे. भिजवलेल्या तांदळाचं तिनं काय केलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुझा,
मनोहरमामा


सेम्बावांग
४ जून २००७

ती. मामा, ती. मामी,

नमस्कार. अनीश माझ्याजवळ आहे. आत्ता इथं सुरेखाच्या सोफ्यावर पालथा पडून कार्टून बघतो आहे.

मामा, तुमचं कुरिअर बावीस तारखेला मिळालं. येऊ नको म्हणालात हे सुरेखानं आधीच सांगितलं होतं, पण त्यातलं दिलीपरावांचं वाक्य वाचलं आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. घाबरून नाही, तुम्ही त्यांच्यातले नव्हतात म्हणून. मागच्या पत्रात तुम्हाला जे लिहिलं ते मला कायम टोचत राहील. पण तेव्हा मला खरंच कळत नव्हतं, कोण कुणाचं आहे ते.

तोवर मी मिस ओंगकडे अर्ज दिलाच होता. तुमच्या कुरिअरनंतर तिनं मनाईचा अर्ज तातडीचा केला. प्रतिज्ञापत्रही वेळेत आलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, मला तर तेराव्या महिन्यानंच वाचवलं.

ते दिवस कसे काढले ते विचारू नका. दिलीपरावांनी त्याला तुमच्या भेटीचं कळवलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही; त्यानं काही दाखवलं नाही, म्हणून मीही रोज बॅगा भरत होते. धैर्यशीलसमोर अनीशचं सोवळं इस्त्री केलं, सासूबाईंसाठी साडी आणली, मुंजीला कुणाकुणाला बोलवायचं यावर त्याच्याशी वाद घातला. त्यानं आणून दिलेले पासपोर्ट एव्हाना मिस ओंगच्या तिजोरीत होते आणि बॅगेच्या कप्प्यात तेवढ्याच जाडीची वही होती. त्यानं एकदाच वरून चाचपून बघितलं. मी जमिनीवर बसून घड्या घालत राहिले.

२९ तारखेला हुकूम घेऊन माणूस दारात आला. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडलेल्या. धैर्यशीलनं तो उभ्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि मला वाटलं आता हातात येईल ते फेकेल. मी अनीशला मागे घेतलं. पण दारात तो माणूस अजून उभा होता. धैर्यशील एवढंच म्हणाला, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "तू मुहूर्त बघायला विसरलास." त्याला ते कळलंच नाही. त्याच संध्याकाळी सुरेखा आणि तिचा नवरा टॅक्सी घेऊन आले.

लढाई संपलेली नाही. पुढची तारीख जुलैत आहे. त्यानं महागातला वकील दिला आहे आणि सगळं नाकारलं आहे. तुम्ही म्हणाला होतात तसाच तो हजर राहून लढतो आहे, म्हणून त्याचा वकील बघून मला बरं वाटलं, हे मिस ओंगला समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. माझा पास त्यानं ऑफिसला सांगून रद्द करायला घातलाच आहे. पण जुरोंग ईस्टच्या कंपनीनं माझ्या नावाचा अर्ज आधीच केला होता आणि परवा त्याची मंजुरी आली. आता या देशात मी कुणाची तरी बायको म्हणून राहत नाही, हिशेबनीस म्हणून राहते. अनीशचं मात्र कोर्ट ठरवेल तसं. मला भीती वाटते. रोज वाटते. पण तो कुठं आहे ते मला ठाऊक असतं.

एक सांगायचं राहिलं. काल ३ जून होता, रविवार. सकाळी अनीशनं डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "टुडे माय मुंज, राइट?" मी म्हटलं, आज नाही, आजोबांची तारीख चुकली. पुढे कधीतरी करू, मामाआजोबा मुहूर्त काढतील. "सो नो नीड बोटाक?" बोटाक म्हणजे टक्कल, इथला शब्द आहे. नको म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. मग म्हणाला, "पण ते जेवण? सेम प्लेट वालं?"

आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर गेलो. पराठे घेतले, इथं त्यांना प्राटा म्हणतात, त्यावर त्याला साखर लागते. मी दोन प्लेट मागितल्या तर त्यानं एक परत द्यायला लावली. एकाच प्लेटमध्ये खाल्लं आम्ही, हातानं, चिकट बोटांनी. शेवटचा तुकडा राहिला तो त्यानं माझ्याकडे सरकवला. मग मीच सांगितलेलं त्याला आठवलं असावं, मातृभोजन म्हणजे आईच्या ताटातलं शेवटचं जेवण. त्याचा चेहरा बारीक झाला आणि त्यानं हळूच विचारलं,

"आई, टुमॉरो ऑल्सो कॅन?"

मी म्हटलं, "कॅन."

तुमची,
साधना